लाल पट्ट्याची विहीर

एका विहिरीचं पाणी खराब निघावं, अशी इच्छा मी जवळजवळ दोन वर्षं मनात धरून होतो. पाणी तपासणं हीच माझी नोकरी असल्यामुळे ती इच्छा कुणाच्या लक्षात यायची नाही. दर काही महिन्यांनी मी त्या विहिरीवर जायचो, बाटली भरायचो आणि परत येताना जीपमध्ये ती मांडीवर धरून बसायचो. बघणाऱ्याला वाटायचं, किती काळजी आहे या माणसाला.

विहीर शिरूर तालुक्यातली, घोड नदीच्या अंगाला, इनामगावच्या अलीकडच्या एका गावातली. ती बौद्ध वस्तीची होती. वस्तीतल्या माणसांनी स्वतः पहार चालवून खणली होती आणि दगडात बांधून काढली होती. गावाची मोठी विहीर देवळामागे होती. ती असताना ह्या लोकांना वेगळी का खणावी लागली, हे मी इथे सांगत बसत नाही. वस्तीतली म्हातारी माणसंही ते सांगत बसायची नाहीत. ती फक्त विहिरीच्या काठावरून हात फिरवायची.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. घरोघरी संडास बांधण्याची मोहीम सुरू होती. आमचं छोटं ऑफिस शिरूरला आणि पाणी तपासायची लॅब दौंडला होती. कुठल्या जमिनीत शोषखड्डा चालेल, हे आम्ही सांगायचं आणि मग गावानं संडास बांधायचे, अशी पद्धत होती. काम ऐकायला सोपं आहे. संडासाचं पाणी जमिनीत मुरलं पाहिजे, पण विहिरीत उतरता कामा नये. आमच्या भागात यातलं पहिलं काळ्या मातीत होत नाही आणि दुसरं मुरमात सांभाळता येत नाही. काळी पाणी धरून बसते, मुरूम ते चाळणीसारखं खाली सोडतो.

हे काम करणारे आम्ही दोघं होतो. एकाच महिन्यात नोकरीला लागलेले, एकाच वयाचे. मी तळेगाव ढमढेऱ्याकडचा, ऊसवाल्या घरातला. तो दौंडचा, रेल्वेत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा. तोही बौद्ध. वस्तीत शिरला की बायाबापड्या त्याला "जयभीम सायेब" म्हणायच्या आणि मला "रामराम." सुरुवातीला मी मनाशी म्हणायचो, त्यांचाच माणूस आहे, म्हणून करतात कौतुक. पण मग गावातले बागायतदारही त्यालाच ओसरीवर बसवायचे, त्यालाच आपल्या बोअरचं पाणी का आटलं ते विचारायचे. मला विचारायचे, "ते कधी येणार आहेत?"

त्याच्यात असं काय होतं, हे मी पुष्कळ वेळा शोधलं. जमीन तपासायची आमची रीत अशी होती: खड्डा घ्यायचा, आदल्या दिवशी पाण्यानं काठोकाठ भरून सोडायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा आणि पाणी किती वेळात किती खाली जातं ते बघायचं. आदल्या दिवशी भिजवायचं कारण असं की उन्हाळ्यात काळी माती भेगाळते. पहिलं पाणी त्या भेगा गटागटा पितात आणि नवख्याला वाटतं, वा, काय मुरतंय! माती फुगून भेगा मिटल्या की मग तिचा खरा स्वभाव कळतो. खड्डा भिजायला टाकला की मी संध्याकाळच्या एसटीनं शिरूरला परत यायचो. तो गावातच राहायचा. कुणाच्या तरी अंगणात बसायचा, त्यांच्यातलं जेवायचा, कुणाची म्हैस आटली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं ऐकायचा. सकाळी माणसं त्याच्या खड्ड्याभोवती गोळा व्हायची, जणू तिथं काही उगवणार आहे.

या वस्तीसाठी मी सुचवलं होतं की बांधीव सेप्टिक टाकी करा आणि तिचं पाणी पाइपानं ओढ्यापार न्या. तो म्हणाला, टाकी होईपर्यंत या बायका म्हाताऱ्या होतील. त्यानं वस्तीभोवती खड्ड्यांमागून खड्डे घेतले आणि विहिरीच्या उताराकडच्या बाजूला, ओढ्याजवळ, पोयट्याच्या मातीची एक पट्टी शोधून काढली. ती पाणी रोखतही नव्हती आणि पळवतही नव्हती. तिथंच उथळ शोषखड्डे घ्यायचे, असं त्यानं मांडलं. आमचे साहेब मीटिंगमध्ये त्याचा नकाशा वर धरून म्हणाले, "याला म्हणतात काम." माझा प्रस्ताव त्यांच्या कोपराखाली होता. चहाचा कप त्यावरच ठेवला होता.

संडास त्याच्याच नकाशाप्रमाणे झाले. तेव्हापासून मी वाट बघायला लागलो.

शोषखड्डे चुकले तर ते पाण्यातल्या नायट्रेटवरून कळतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला ते लवकर जाणवतही नाही. पण तान्ह्या बाळाला तेच पाणी पाजलं तर त्याचे ओठ आणि नखं निळी पडू शकतात. हे मला ठाऊक होतं. तरी मी वाट बघत होतो. बाळाला काही व्हावं असं मी कधी म्हटलं नाही, मनातसुद्धा नाही. मला फक्त बाटलीतला आकडा हवा होता. आकड्याच्या पलीकडे कुणाचं तरी बाळ असतं, तेवढं मी बघायचो नाही.

एका मे महिन्यात माझ्याकडे दोन कामं एकदम आली. सकाळी या वस्तीची विहीर आणि दुसऱ्या दिवशी कुरकुंभच्या कारखान्यांच्या आसपासच्या बोअर. कुरकुंभला आम्ही पाण्यातले धातू बघायचो. त्यासाठीच्या बाटल्या लॅबमध्ये पातळ नायट्रिक ॲसिडनं भरून ठेवायचो आणि निघताना ओतून रिकाम्या करायचो. त्यांच्या गळ्याला लाल रबर बांधलेलं असायचं. बाकीच्या बाटल्या साध्या. पण साधी बाटली असली तरी ती ज्या विहिरीवर भरायची, तिच्याच पाण्यानं आधी तीनदा विसळायची, हा आमचा पहिला धडा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी हात धरून शिकवलेला. पुढे तो हाताला इतका बसतो की घरी पाण्याचा तांब्यासुद्धा माणूस तीनदा विसळतो.

मेच्या उन्हात जीपमध्ये दोन्ही क्रेट तापले होते. रबरं तडकून गळून पडली होती. मी ते पाहिलं नाही.

विहिरीवर एक आजी पाणी शेंदत होती. वस्तीत तिचा शब्द चालायचा. शेजारी एक तरुण सून कडेवर बाळ घेऊन हंडा घासत होती.

"रामराम सायेब," आजी म्हणाली. "आज एकलंच? आमचं सायेब न्हाई आलं?"

"त्याला दुसरं काम आहे."

"त्यास्नी म्हनावं, हुलग्याचं माडगं प्यायचं ऱ्हायलंय. मागल्या बारीला घाईत गेलं."

सून हसून म्हणाली, "आत्या, ह्या सायबांना बी इचारा की माडगं."

"ह्ये न्हाई घ्येत काय," आजी दोर ओढत म्हणाली. "ह्यांचं पानी बी घरनं येतं."

हंड्याशी बसलेल्या दोघीतिघी हसल्या. माझ्या खांद्याला घरून आणलेली पाण्याची बाटली लटकत होती. खरंच होतं. इतक्या वेळा मी त्या विहिरीचं पाणी बाटल्यांतून लॅबला नेलं होतं, पण प्यायलो कधी नव्हतो. तब्येतीचं कारण मी स्वतःलाच देत आलो होतो. गावातल्या बागायतदाराकडे मात्र मी पाणी प्यायचो, चहाही घ्यायचो. त्या वेळी तब्येत आठवायची नाही.

"आमचं सायेब" हे दोन शब्द कानात घेऊन मी क्रेटमध्ये हात घातला, हाताला लागली ती बाटली उचलली, आजीच्या बादलीतून ती एकदाच बुडवून भरली, झाकण आवळलं आणि निघालो. विसळली नाही. एकदाही नाही.

दौंडला लॅबमध्ये खरं तर आधी बाकीच्या तपासण्या करायच्या असतात. पाणी आंबट आहे का, एवढं जरी पाहिलं असतं तरी तिथंच कळलं असतं. पण मला नायट्रेटचीच घाई होती. त्या तपासणीत पाण्याला पिवळा रंग येतो; रंग जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त. या विहिरीचा रंग नेहमी इतका फिका यायचा की पांढऱ्या कागदावर धरून बघावा लागायचा. त्या दिवशी हळद कालवावी तसा आला.

मला आनंद झाला. दुसरा शब्द मी वापरणार नाही. लॅबला कुलूप लावून मी स्टेशनबाहेर गेलो आणि एकट्यानं भेळ खाल्ली, वर कांदा जास्त मागून घेतला.

साहेबांनी रिपोर्ट बघितला आणि तान्ह्या मुलांचा विचार करून लगेच विहीर पिण्यासाठी बंद केली. बंद विहिरीच्या काठाला लाल पट्टा मारायचा, अशी खूण होती. तो मीच मारला. आजीनं विचारलं, "उकळून प्यालं तर?" मी म्हणालो, "उकळल्यानं जात नाही, आजी. उलट पाणी आटतं आणि ते वाढतं." हे बरोबर होतं. मी अगदी बरोबर माहिती दिली.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या बायका हंडे घेऊन देवळामागच्या विहिरीवर गेल्या. मी तिथं उभा होतो. गावातले एक आबा, मोठे बागायतदार, काठावर बसले होते. ते चांगलं बोलले. "घ्या की पानी. कोन न्हाई म्हनतंय? फकस्त आमच्या बायांचं झाल्यावर घ्या, म्हंजी गर्दी नगं." सून बाळाला घेऊन एका बाजूला उभी राहिली. गर्दी काहीच नव्हती.

आता तो काय करतो, हे मला बघायचं होतं. मनात मी कितीतरी वेळा रंगवलं होतं: तो कारणं सांगेल, कुणावर तरी ढकलेल, लोक त्याला तोडून बोलतील. तो आला, विहारासमोरच्या पारावर सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाला, "जागा मी निवडली. चूक माझी आहे. कुठं चुकलं ते शोधतो."

त्यानं माझ्या रिपोर्टवर एक प्रश्नही विचारला नाही. माझ्या कामावर त्याचा इतका विश्वास असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"चुकतंय की मान्साचं," आजी म्हणाली. "घसा कोरडा पडलाय तुमचा. आदी च्या घ्या."

दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन स्वतः शोषखड्डे उकरायला लागला आणि वस्तीतली माणसं त्याच्या बरोबरीनं उतरली. मेचं ऊन, खालून येणारा वास, तो चिखलात मांड्यांपर्यंत. ते बघायला देवळाजवळचे आबासुद्धा आले आणि मला म्हणाले, "असा अधिकारी म्या न्हाई बघितला." म्हणजे मला हवं होतं ते मिळालं होतं आणि त्यातून तो आणखीच मोठा होत चालला होता. आपली चूक कबूल करण्यातही तो माझ्यापेक्षा सरस होता. त्या चिखलात मी असतो तर कुणी मला चहा विचारला असता का, असा विचार करत मी सावलीत उभा राहिलो.

खड्डे उकरले म्हणजे संडास बंद. बायका पुन्हा ओढ्याकडे जायला लागल्या.

त्याला काहीच सापडेना. पोयटा जसा होता तसाच होता. जेवायच्या सुट्टीत तो मला विचारायचा, "काय सुटलं असेल रे माझ्याकडून? मुरमाची एखादी शीर असेल का आत?" आणि मी गंभीरपणे त्याला मुरमाच्या शिरांबद्दल सांगायचो. कागदावर काढूनही दाखवलं.

शेवटी तो म्हणाला, "पुन्हा एकदा पाणी घे. तूच घे. मी घेतलं तर म्हणतील, स्वतःची लाज राखली."

मी गेलो. आजी विहिरीवरच होती. लाल पट्ट्यावर पोहरा टेकवून तिनं मला पाणी शेंदून दिलं. मी बाटली तीनदा विसळली आणि भरली. लॅबमध्ये रंग आला तो पूर्वीसारखाच, कागदावर धरून बघावा लागणारा.

माझ्या मनात पहिलं काय आलं, ते इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही. रंग आणणारं औषध बिघडलं असेल, हे पहिलं आलं. मी नवं औषध केलं. रंग तोच. मग आशेनं, हो, आशेनंच, तिसऱ्यांदा केलं. सुटलो, विहीर चांगली आहे, बाळ सुखरूप आहे, असं वाटायला मला संध्याकाळ व्हावी लागली, आणि तेव्हाही ते नीट वाटलं नाही.

मग फडताळावर कुरकुंभच्या, न वापरता उरलेल्या बाटल्या दिसल्या. बहुतेकांची रबरं तुटलेली. एक उचलून मी त्यात शुद्ध पाणी भरलं आणि तपासलं. हळदीसारखा पिवळा. बाटलीच्या आत राहिलेले नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब, आणि ते पाण्यात पडलं की नायट्रेटच होतं. तीनदा विसळलं असतं तर तेही निघून गेले असते.

सकाळी साहेबांना मी म्हणालो, "बाटलीत दोष होता." बाटली कुणी भरली हे त्यांना माहीत होतं, तरी वाक्य मी असं केलं की त्यात मी कुठे नव्हतोच. ते चिडले, लॅबवर ओरडले आणि म्हणाले, "दोघं जा आणि लोकांना सांगा. आजच."

त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी गेलो. न्हावऱ्याच्या पुढे कुठेतरी तो मान मागे वळवून म्हणाला, "म्हणजे पोयटा बरोबर होता!" लहान मुलासारखा खूश झाला होता. मला दोष देणारं एक अक्षर बोलला नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो आणि मला वाटलं, निदान एक शिवी तरी दे.

पारावर माणसं जमली. तो उभा राहिला. "पाणी चांगलं आहे," त्यानं सांगितलं. "पहिल्या तपासणीत ऑफिसकडून चूक झाली."

"ऑफिस म्हंजी कोन?" आजी म्हणाली. "भिताडं चुकली व्हय?"

माणसं हसली. तोही हसला. "आजी, आमची दोघांची समजा. मीही तपासून घ्यायला पाहिजे होतं..."

मी लोकांचे चेहरे बघितले. ज्यानं काही केलं नव्हतं तो अर्धी चूक स्वतःवर घेत होता आणि ते त्यांना कळत होतं. ते आणखी एकदा त्याच्यावर जीव टाकणार होते, माझ्या चुकीसाठी. ते मला सहन झालं नाही.

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "एकट्याची. बाटली मी विसळली नाही. त्यात लॅबमधलं ॲसिड राहिलं होतं."

पुढे ऑफिसात ही गोष्ट माझ्या प्रामाणिकपणाची म्हणून सांगितली गेली. तोही तशीच सांगायचा. मी कधी दुरुस्त केली नाही. ते वाक्य बोलताना माझ्यात पश्चात्ताप कमी आणि मत्सर जास्त होता. त्याला माझी चूकसुद्धा द्यायची नव्हती मला.

सून बाळाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "म्हंजी आमी त्या हिरीवर उगाच ताटकळलो?"

"हो."

"आन् वड्याला?"

"हो."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग बाळाकडे बघितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी ते घेऊन घरी गेलो असतो.

"लाल रंग कुनी दिला व्हता?" आजीनं विचारलं.

"मीच."

"मंग तुमीच काढा."

कुणाकडून तरी रॉकेल आणि तारेचा ब्रश आला. मी विहिरीच्या काठाशी गुडघ्यावर बसलो. वरचा रंग निघत होता, पण दगडाच्या भोकांत शिरलेला निघेना. पलीकडे उकरलेले शोषखड्डे तसेच पडले होते. ते पुन्हा नीट भरायला वस्तीला पावसापर्यंतचे दिवस लागणार होते. विहाराच्या बाजूनं हसण्याचा आवाज आला. तो माडगं पीत बसला असणार, कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करत. रॉकेलनं हात चुरचुरत होते आणि त्या हसण्याकडे माझे कान लागले होते. एवढं होऊनही.

आजी आली. तिनं पोहरा सोडला, पाणी शेंदलं, तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

"आदी तुमी."

मी हात पुसले आणि प्यायलो. पहिल्यांदा. गार होतं.

"कसं लागतंय?"

"नायट्रेटला चव नसते, आजी."

"म्या पान्याचं इचारलं," ती म्हणाली.

"गोड आहे."

तिनं मान हलवली आणि उरलेलं पाणी हंड्यात ओतलं. सून हंडा उचलून घराकडे गेली.

तेवढ्यात तो माडग्याची वाटी घेऊन आला. एक वाटी माझ्यासाठीही होती, ती त्यानं काठावर ठेवली आणि ब्रशासाठी हात पुढे केला. "दे इकडे. मी घासतो थोडं. तू पी, गार होतंय."

मी ब्रश दिला नाही.

"अरे, दे की."

"येतो मी," मी म्हणालो. "तू हो पुढं."

तो आपली वाटी घेऊन गेला. मी पुन्हा घासायला लागलो. त्या वस्तीत सगळं त्याचं होतं, पोयट्याची पट्टी, माडगं, आजीचं "आमचं सायेब." हा लाल पट्टा तेवढा माझा होता, आणि त्यात त्याला वाटा द्यायला माझा हात तेव्हाही सुटला नाही.